फ्यूज माझ्याच हातून उडाला

नवी स्क्रीन बसवून झाली, चारही स्क्रू आवळले, लॅपटॉपचं बटण दाबलं आणि कवळीताई हात मांडीवर घेऊन बघत बसल्या. आतला पंखा घरघरला. कीबोर्डच्या कोपऱ्यातला बारका दिवा लागला. स्क्रीन मात्र ढिम्म. काळी ती काळीच.

त्यांनी मनात वीस आकडे मोजले. मग आणखी वीस. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. पंखा घरघरला, दिवा लागला, बाकी अंधार.

"झालं का गं?" बाहेरच्या खोलीतून नवऱ्याने विचारलं.

"झालं. म्हणजे बसवून झालं. दिसायचं राहिलंय."

कवळीताई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हतं. एकतीस वर्षं त्या एका प्रयोगशाळेत दातांच्या कवळ्या बनवत होत्या. गावभरच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि त्या साच्यांवर मेणाच्या हिरड्या चढवून त्यात एकेक दात बसवायचं काम ताईंचं. नाव तिथेच कुणीतरी थट्टेने पाडलं आणि ते असं चिकटलं की आता घरी फोन करणारेसुद्धा "कवळीताई आहेत का?" असंच विचारायचे. नवऱ्याचीही गत तीच. तीस वर्षं शहराची बस चालवून ते मागच्या वर्षी निवृत्त झाले, तरी सगळी गल्ली त्यांना ड्रायव्हरसाहेबच म्हणायची.

या लॅपटॉपच्या मागे ताई लागल्या होत्या त्याला कारण होतं. दीड महिन्यापूर्वी प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं. आता कवळीचा आराखडा कॉम्प्युटरवर करायचा आणि यंत्राने ती कोरून काढायची. मालकांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की, ज्याला आराखड्याच्या कामावर यायचं असेल त्याने फलकावरच्या कागदावर नाव लिहावं, सगळ्यांना आधी एकच साचा दिला जाईल, ठरलेल्या शुक्रवारी त्यावरचा आराखडा दाखवायची परीक्षा होईल, आणि त्यातून एकाला निवडलं जाईल. एवढं बोलून त्यांची नजर ताईंवर येऊन थांबली.

"ताई, तुम्ही आपलं मेणाचंच बघा. या वयात कशाला नसती डोकेदुखी?"

ते प्रेमाने म्हणाले होते, हेच जास्त लागलं. आजूबाजूच्यांनी माना खाली घातल्या. संध्याकाळी निघताना ताई फलकाजवळ थांबल्या. कागदावर सगळ्यात वर एका सहकाऱ्याचं नाव होतं. ताडमाड उंच म्हणून सगळे त्याला उंच्या म्हणत. ताईंनी दोरीला बांधलेलं पेन उचललं आणि त्याच्या नावाच्याही वर, जिथे खरं तर जागाच नव्हती तिथे, आपलं नाव लिहिलं.

मग लेकीचा जुना लॅपटॉप मागून आणला, लॅपटॉप लावला की शेवटचं काम आपोआप उघडेल असं सरावाचं सॉफ्टवेअर त्यात घालून घेतलं आणि रोज सकाळी कामावर जायच्या आधी दीड तास बसू लागल्या. माउसने दात उचलायचा, फिरवायचा, खाली ठेवायचा. पहिले आठ दिवस दात उचलला की थेट स्क्रीनच्या बाहेर जायचा. पण पाचव्या आठवड्यात त्यांच्या कवळीचे दात ओळीत बसायला लागले. परीक्षेचा साचाही हातात आला आणि त्यावरचा आराखडा तयार झाला. आणि नेमकं तेव्हाच ड्रायव्हरसाहेबांनी आवराआवर करताना लॅपटॉपचं झाकण दणकन लावलं. आत कीबोर्डवर ताईंचा चिमटा राहिला होता.

"तीस वर्षांत बसला कधी ओरखडा आला नाही," असं ड्रायव्हरसाहेब पुढचे चार दिवस स्वतःशीच म्हणत होते.

स्क्रीनवर तड्यांचं जाळं पसरलं होतं, एका बाजूने रंगीत पट्टे उतरत होते, पण ती उजळत तरी होती. ताईंनी ती खोलून मागचा नंबर उतरवून घेतला, त्याच नंबरची नवी मागवली, आणि रविवारी सकाळी स्वतःच्या हाताने बसवली. पुढे काय झालं ते वर आलंच आहे.

त्या दिवशी लेक आणि जावई जेवायला यायचे होते. जावई एका कंपनीत सगळ्यांचे कॉम्प्युटर सांभाळायचे. घरात पाऊल टाकताच त्यांना टेबलावर उघडा पडलेला लॅपटॉप दिसला, आणि पाणी प्यायच्या आधी ते त्याच्यापुढे बसले. दोन-चार बटणं दाबली. झाकण मागे-पुढे केलं. मग डॉक्टर बाहेर येऊन सांगतात तशी मान हलवली.

"आई, बोर्ड गेला."

"कशावरून?"

"अनुभवावरून. केबल लावायच्या आधी आतली बॅटरी सोडवली होती का?"

"बंद केला होता की."

"बंद करणं वेगळं आणि बॅटरी सोडवणं वेगळं. बंद असला तरी आत वीज असते. केबल जरा तिरकी लागली की संपलं."

ताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. केबल पहिल्यांदा तिरकीच लागली होती. काढून पुन्हा लावली होती त्यांनी. एक बारीकसा 'टिक' झालेला त्यांना आता आठवला.

"जाऊ द्या ना," जावई म्हणाले. "बुधवारी मी तुम्हाला नवाच लॅपटॉप आणून देतो. यातली फाइल काढून त्यात घालतो. परीक्षेला काही अडणार नाही. आणि अडलंच, तर नुसती फाइल घेऊन जा आणि तिथल्याच कॉम्प्युटरवर दाखवा."

"खरंच आई, घे ना," लेक म्हणाली. "प्रत्येक गोष्टीत काय हट्ट? हे आपलं काम नव्हे म्हटलं की सोडून द्यावं माणसाने."

जावयाशी वर तोंड करून बोलायचं नाही, हे ताईंनी लेकीच्या लग्नापासून पाळलं होतं. गेली सात वर्षं त्यांचं कुठलंही म्हणणं त्या "बरं" म्हणून ऐकत आल्या होत्या. त्या दिवशी "बरं" काही तोंडातून निघेना.

"मोकळ्या हातांनी जायचं आणि मालकांना म्हणायचं, जरा तुमचा कॉम्प्युटर द्या? मग त्यांनी वेगळं काय सांगितलं होतं? हेच ना, की तुम्हाला झेपायचं नाही!" ताई म्हणाल्या. "बॅटरी सोडवली नाही ही चूक माझी. मला माहीत नव्हतं, आता कळलं. पण बिघडवला मी आणि तो नीट करायचा सोडून तुम्ही आणलेल्या नव्याच्या मागे लपू? ते नाही व्हायचं. आणि दुसरं असं, जावईबापू, तुम्ही म्हणता बोर्ड गेला. मग पंखा कसा फिरतोय? दिवा कसा लागतोय? तुम्ही सुतक पाळायला लावताय आणि इथे पेशंट श्वास घेतोय."

ड्रायव्हरसाहेबांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. ते हसत होते हे वर्तमानपत्र हलत होतं त्यावरून कळत होतं.

"मग टीव्हीला लावून बघा," जावई जरा फुरंगटून म्हणाले. "टीव्हीवरही काही दिसलं नाही तर माझं खरं."

ताईंनी टीव्हीच्या मागे हात घालून केबल ओढली. ड्रायव्हरसाहेबांचा क्रिकेटचा सामना चालू होता, तो तिथेच संपला. केबल लॅपटॉपला लावली, बटण दाबलं. टीव्ही थोडा वेळ निळा राहिला आणि मग भिंतभर एक जबडा उघडला.

"बापरे, केवढी ही बत्तीशी!" ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"चौदाच आहेत. खालचाच जबडा आहे," ताई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज बदलला होता. दीड महिन्याची मेहनत जशीच्या तशी समोर होती.

जावयांनी हनुवटी खाजवली. माणूस सरळ होता, डोळ्यांसमोरचं नाकारणारा नव्हता. "मग बोर्ड शाबूत दिसतोय," ते म्हणाले. "नवी स्क्रीनच खराब आली असणार. परत पाठवा."

"पाठवू. पण आधी खात्री करू."

जेवणं तशीच राहिली. ताईंनी लॅपटॉप पालथा घातला आणि या वेळी सगळ्यांत आधी बॅटरीची जोडणी सोडवली, जावयांना दाखवून सोडवली. नवी स्क्रीन उतरवली. तडे गेलेली जुनी परत लावली. केबल सरळ, दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब देऊन. मग बॅटरी, मग बटण.

तीही काळी.

"ही आज सकाळी आठ वाजता उजळत होती," ताई हळूच म्हणाल्या. "पट्टे होते, तडे होते, पण उजेड होता. म्हणजे नवी चांगली की वाईट ते सोडा. दोघींनाही जे मिळायला हवं तेच मिळत नाहीये."

हे बोलता बोलता त्यांना प्रयोगशाळेतल्या आपल्या टेबलाची आठवण झाली. मेणात केसाएवढी चीर असली तर वरून दिसत नाही. दिवा आडवा धरावा लागतो. त्यांनी कपाटावरची विजेरी काढली, खिडकीचे पडदे ओढले आणि काळ्या स्क्रीनवर विजेरीचा झोत तिरका टाकला. नाक जवळजवळ काचेला टेकलं.

"या इकडे. सगळे या."

चौघांची डोकी एकत्र आली. विजेरीच्या झोतात, तड्यांच्या मागे, विहिरीच्या तळाशी काही पडलेलं दिसावं तसे चौदा दात पुसट दिसत होते.

"चित्र येतंय," ताई म्हणाल्या. "त्यामागचा उजेड येत नाहीये."

जावई बराच वेळ वाकून बघत राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी नव्हती, कुतूहल होतं. "मग बोर्डावरचा फ्यूज उडालाय, आई. उजेडाची वीज त्यातून जाते. केबल तिरकी लागली तेव्हा तो गेला, म्हणून बाकीचं वाचलं. पण तो तांदळाच्या कणीएवढा असतो. कुणी बदलत नाही. अख्खा बोर्ड बदलतात."

"एवढासा तुकडा गेला म्हणून अख्खा बोर्ड?"

"तशीच पद्धत आहे."

"आमच्याकडे एक दात पडला म्हणून कुणी जबडा बदलत नाही," ताई म्हणाल्या, आणि मग सगळ्यांना जेवायला वाढलं.

सोमवारी कामावरून सुटल्यावर त्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या फटीत बसवलेली एक खोली. दुरुस्तीवाला जाडजूड, डोक्याला दिव्याचा पट्टा, पुढ्यात उघडे पडलेले पाच-सहा लॅपटॉप. ताईंनी सगळं नीट सांगितलं. टीव्हीवर काय दिसलं, जुनी स्क्रीन लावून काय झालं, विजेरीत काय दिसलं.

"बोर्ड बदलावा लागेल," तो वर न बघता म्हणाला. "तीन आठवडे."

"फ्यूज गेलाय असं मी म्हणतेय."

"बाई, फ्यूजच गेला असेल हो. पण एवढ्याशा तुकड्यासाठी डोळे कोण फोडणार?"

"मी. मला फक्त तुकडा द्या. भंगारात गेलेला बोर्ड असेल की एखादा."

आता त्याने वर पाहिलं. पांढरे होत आलेले केस, खांद्याला पिशवी, आणि टेबलावर टेकलेली बोटं. बोटांच्या टोकांना गुलाबी मेण लागलं होतं.

"काय करता तुम्ही?"

"दात बनवते."

तो हसला, पण चेष्टेने नाही. "मग एक सोपा उपाय सांगतो. फ्यूज शोधायच्या भानगडीत पडू नका. त्या जागी केसाएवढी तार टाका. चालू होईल."

"होईल. आणि पुन्हा काही बिघडलं तर त्या वेळी जळायला फ्यूज नसेल. मग बोर्ड जळेल. तुम्ही स्वतःच्या लॅपटॉपमध्ये तार टाकाल का?"

दुरुस्तीवाल्याने खुर्ची मागे सारून टेबलाखालून एक खोकं ओढलं, त्यात हात घालून एक हिरवा बोर्ड काढला, दिव्याखाली धरला, मीटरच्या दोन सुया एका कणीला टेकवल्या. मीटर पीं वाजला.

"हा चांगला आहे. तुमच्यात असतो तोच," तो म्हणाला. लाल पेनने त्याने त्या कणीभोवती गोल काढला. "तुमच्या बोर्डावर स्क्रीनची केबल जिथे लागते त्याच्या आसपास असाच असेल. शेजारी इंग्रजी एफ लिहिलेलं असतं. मीटर वाजला नाही तर तोच गेलेला." मग जरा घुटमळून त्याने बारीक टोकाचं सोल्डरिंगचं यंत्रही पुढे केलं. "हे न्या. परत आणून द्या. आणि जमलं तर सांगायला या. नाही जमलं तरी या."

मंगळवारी सकाळी चहाचे कप बाजूला सारून ताई आणि ड्रायव्हरसाहेब बोर्डावर वाकले. मीटर ड्रायव्हरसाहेबांचा. घरातल्या वायरिंगला लागतो म्हणून त्यांनी जपून ठेवलेला. झाकण दणकन लावलं त्या दिवसापासून त्यांना काहीतरी करायचं होतं आणि काय करावं ते सुचत नव्हतं. आता मीटर धरायला मिळाला तर ते बस घाटातून उतरवत असल्यासारखे ताठ बसले होते. बॅटरी सोडवलेली होती. केबलच्या जागेजवळ तीन कण्या शेजारी शेजारी होत्या. पहिलीला सुया टेकवल्या, मीटर वाजला. दुसरीला, वाजला. तिसरीच्या शेजारी एफ होता. तिला टेकवल्या.

काही नाही. पुन्हा टेकवल्या. काही नाही.

"मुकी आहे," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"सापडली!" ताई एवढ्या जोरात म्हणाल्या की शेजारच्यांनी भिंतीपलीकडून विचारलं, "काय सापडलं हो?"

डाख द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं, काम घरी करण्यासारखं नव्हतं. त्याला प्रयोगशाळेतलं दिवा असलेलं मोठं भिंग हवं होतं. म्हणून बुधवारी ताई लॅपटॉप, भंगार बोर्ड आणि दुरुस्तीवाल्याचं यंत्र घेऊन कामावर गेल्या, आणि जेवणाची सुट्टी झाल्यावर डबा न उघडता टेबलावर सगळं मांडलं. जळका फ्यूज त्यांनी दोन टोकांना आळीपाळीने चटके देत उचलला. जागा साफ केली. भंगारातला चांगला फ्यूज उचलून चिमट्यात धरला.

आणि चिमटा जरा जास्त दाबला गेला. फ्यूज टुणकन उडाला.

"कुणी हलू नका!" ताई ओरडल्या.

कुणीही हललं नाही. दातांच्या प्रयोगशाळेत हा हुकूम सगळ्यांना पाठ असतो, कारण पुढचा दात उडून जमिनीवर पडला आणि कुणाच्या बुटाखाली गेला तर तो रंग पुन्हा मिळवताना नाकी नऊ येतात. पण हा दाताचाही शंभरावा भाग होता. आणि दुसरा नव्हता. सगळे जागच्या जागी गुडघ्यांवर बसले आणि फरशीला नाक लावून शोधू लागले. ताई टेबलाखाली, उंच्या दाराजवळ, बाकीचे मधे. मालक आत आले तेव्हा त्यांना आपली सगळी माणसं रांगताना दिसली.

"काय चाललंय हे?"

"फ्यूज शोधतोय, मालक," टेबलाखालून ताई म्हणाल्या आणि बाहेर आल्या. केसांना धूळ लागली होती.

मालकांनी उघडा लॅपटॉप पाहिला, सोल्डरिंगचं यंत्र पाहिलं, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. ताईंना तो मऊपणा नको होता.

"मोडून ठेवलात ना, ताई? मी म्हटलंच होतं. हे नसतं..."

"स्क्रीन फुटली हे खरं. फ्यूज माझ्याच हातून उडाला, हेही खरं. एकदा घरी उडाला, एकदा आत्ता. आता जोडतेय. सुट्टीला अजून बावीस मिनिटं आहेत. सुट्टी माझी, लॅपटॉप माझा, डोळे माझे. भिंग तेवढं तुमचं आहे, ते नको असेल तर सांगा, खिडकीत जाऊन बसते."

मालकांनी भिंग राहू दिलं. गेलेही नाहीत.

"मिळाला!" उंच्या दारातून ओरडला. फ्यूज त्याच्या तळहातालाच चिकटला होता. तो गुडघ्यांवरच ताईंपर्यंत आला आणि ओंजळीत पाणी आणावं तसा हात त्यांच्यापुढे धरला. कागदावर याच्याच नावाच्या वर आपण नाव लिहिलं, हे ताईंना त्या क्षणी आठवलं आणि जरा ओशाळल्यासारखं झालं.

मग त्या भिंगाखाली वाकल्या. एका बाजूला कथलाचा ठिपका आधीच ठेवला होता. तो वितळवला, फ्यूज सरकवत आणून त्यात टेकवला, यंत्र उचललं, श्वास रोखून पाच मोजले. फ्यूज वाकडा बसला होता. पुन्हा वितळवला, चिमट्याने किंचित फिरवला, पुन्हा थांबल्या. दाढ बसवताना जसं कळतं तसंच कळलं, की आता बसला. दुसऱ्या टोकाला ठिपका दिला. घरून आणलेला मीटर टेकवला.

पीं.

कुणीतरी टाळी वाजवली. "थांबा," ताई म्हणाल्या. नवी स्क्रीन. केबल, दोन्ही अंगठ्यांनी, सरळ. बॅटरी शेवटी. बटण.

पंखा घरघरला. दिवा लागला. एक, दोन, तीन, चार, आणि स्क्रीन एकदम लख्ख उजळली, इतकी की वाकलेल्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तिचा उजेड पडला. ताईंनी चिमटा खाली ठेवला.

"सुट्टी संपली," मालक घड्याळाकडे बघून म्हणाले.

"तीन मिनिटं जास्त झाली. संध्याकाळी भरून देते," ताई म्हणाल्या. आणि डबा तसाच बंद ठेवून मेणाला लागल्या.

संध्याकाळी जावई आले. काखेत नव्या लॅपटॉपचं खोकं होतं. टेबलावर जुना उजळलेला पाहून त्यांनी खोकं हळूच दारामागे ठेवलं, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "फ्यूज दाखवा ना." ताईंनी बोर्ड उघडून दाखवला. त्यांनी तो विजेरी धरून पाहिला, मग भंगार बोर्डावरची रिकामी जागा पाहिली, मग पुन्हा फ्यूज.

"आई, एक सांगू? बारा वर्षं या कामात आहे, पण मी असा फ्यूज कधी बदललेला नाही. आमच्याकडे उघडतात, बघतात, बोर्ड टाकून देतात. रविवारी मी उगाच छातीठोकपणे बोललो."

"मीही जरा जास्तच बोलले," ताई म्हणाल्या. "पण बरं झालं बोलले. ते खोकं मात्र परत न्या."

शुक्रवारी परीक्षा झाली. मालकांच्या शेजारी दातांच्या एक डॉक्टरबाई बसल्या होत्या. प्रयोगशाळेत सर्वांत जास्त साचे त्यांच्याकडून येत, आणि परीक्षेला दिलेला साचाही त्यांच्याच एका पेशंटचा होता. एकेकजण उठून मोठ्या मॉनिटरवर आपला आराखडा दाखवत होता. ताईंची पाळी आली तेव्हा मालक म्हणाले, "ताई, तुमचा पण जोडून देऊ का मोठ्याला?"

"नको. माझ्यावर दिसतंय."

डॉक्टरबाई उठून ताईंच्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ आराखडा फिरवून फिरवून पाहत होत्या. मग त्यांनी बोट ठेवलं.

"या डाव्या दाढा बाकीच्यांपेक्षा आत का घेतल्यात? सॉफ्टवेअर तर इथे बाहेर सुचवतं."

"सुचवतं. मी दोनदा पुसलं, त्याने दोनदा परत बाहेर नेल्या," ताई म्हणाल्या. "पण साच्यात डावीकडचं हाड बघा, पार झिजलंय. या बाई वर्षानुवर्षं एकाच बाजूने चावत असणार. दाढा बाहेर ठेवल्या तर पहिल्याच घासाला कवळी उचलेल. मग त्या तुमच्याकडे येतील, तुम्ही आमच्याकडे पाठवाल, आणि आम्ही म्हणू की कॉम्प्युटरने तर बरोबर काढली होती."

डॉक्टरबाईंनी मागे वळून मालकांकडे पाहिलं. "ही कोरायला टाका. या पेशंटला हीच जाईल."

उंच्याने त्याच वेळी आपल्या आराखड्यातल्या डाव्या दाढांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

डॉक्टरबाई गेल्यावर मालकांनी ताईंना बाजूला घेतलं. काम चांगलं आहे, ते म्हणाले, प्रश्न कामाचा नाहीच. पण यंत्र रोज नवं काहीतरी मागणार, दर सहा महिन्यांनी सगळं बदलणार, ताईंची निवृत्ती काही फार लांब नाही, तरुण माणूस घेतला तर वीस वर्षं टिकेल. विचार करून सांगतो.

ताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"विचार करा, मालक. वर्षं मोजायची असतील तर माझी एकतीस मोजा, ती झालेली आहेत. तरुण माणसाची वीस व्हायची आहेत. कागदावर परीक्षा लिहिली होती, वय लिहिलं नव्हतं. सोमवारी सकाळी मी त्या आराखड्याच्या टेबलावर बसलेली असेन. तुमचा विचार वेगळा निघाला, तर तिथे येऊन, सगळ्यांसमोर, मला उठा म्हणून सांगा. मी उठेन. पण सांगावं लागेल."

एकतीस वर्षांत त्या मालकांशी असं बोलल्या नव्हत्या. शनिवार-रविवार त्यांनी ड्रायव्हरसाहेबांवर विनाकारण चार वेळा आवाज चढवला. रविवारी संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "उद्या तुला सोडायला येतो. चालत जाऊ."

सोमवारी ताई अर्धा तास आधी पोचल्या. मेणाच्या टेबलावरची आपली हत्यारं गोळा केली आणि यंत्राशेजारच्या टेबलावर नेऊन मांडली. मॉनिटर चालू केला. माणसं एकेक करून येत होती, बघत होती, आपापल्या जागी जात होती. उंच्याने जाता जाता खुर्चीची उंची ताईंसाठी खाली करून दिली.

दहा वाजता मालक आले. दारात थांबले. ताईंना त्यांच्याकडे बघायचं नव्हतं, पण त्यांनी मान वर केली आणि बघितलं. मालक टेबलापाशी आले. सगळी खोली कान टवकारून होती. मालकांनी टेबलावरचा एक कागद उचलला, परत ठेवला, चष्मा काढून पुसला.

"डॉक्टरबाईंचे दोन नवे साचे आलेत," ते म्हणाले. "वरच्या जबड्याचा आधी घ्या. त्यांना घाई आहे."

"घेतलाय," ताई म्हणाल्या, आणि माउसवर हात ठेवला.